थिजलेल्या खोबरेलाची लय

खोबरेल थिजलं, की माझ्यापुरता हिवाळा सुरू होतो. कॅलेंडर काहीही म्हणो, दुकानाबाहेर स्वेटर टांगोत न टांगोत. सकाळी केसांना लावायला बाटली उलटी केली आणि तेल बुडालाच बसून राहिलं, म्हणजे आला. यंदा त्याने जरा वाट बघायला लावली. महिन्यापूर्वी एका रविवारी बाटली उलटी केली, तळहातावर चार वेळा आपटली, काही नाही. आत पांढराशुभ्र गोळा. मग काही विचार न करता ती पडवीच्या कट्ट्यावर, ऊन सगळ्यात आधी येतं त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि चहाच्या मागे लागले.

असं घरोघरी होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण अशी थिजलेली बाटली दिसली, की मला बावीस वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो आणि कानात एक चाल सुरू होते. बँडवरची चाल, हळू, एकेक पाऊल टाकत येणारी. तिच्यातला एक सूरही मी कधी वाजवलेला नाही. मला संगीतातलं काही कळत नाही. मी शिकवते त्या शाळेत पेटी वाजवणाऱ्या बाई रजेवर असल्या की मी आपली टाळ्यांवर प्रार्थना उरकते. तरीही ती चाल आज जशी आहे तशी होण्यात माझा हात आहे, आणि ही गोष्ट मी बावीस वर्षं कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती.

माझं माहेर कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. सासर इकडे खालापूरच्या बाजूला, हायवेपासून जरा आत. माहेरी बँड म्हणजे लग्नाला बाहेरून बोलवायची गोष्ट. सासरी तो घरातच होता. लग्न होऊन आले त्या दिवशी ओटीवर पाऊल टाकलं आणि बघते तर आडव्या दांडीला कपडे वाळत घालावेत तशी पितळेची वाद्यं लटकलेली. माझे सासरे आबा बँडचे मास्तर. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो आणि गावात सगळे मास्तर, त्यामुळे पहिले पंधरा दिवस ते एखाद्या शाळेत शिकवतात अशीच माझी समजूत होती. नऊ माणसांचा बँड. सगळे शेतकरी, त्यातले चारजण खोपोलीला कंपनीत पाळीवर जाणारे. आमचे हे त्या चारांतले. वाजवायचे साइड ड्रम.

पावसाळाभर वाद्यं जुन्या चादरींत गुंडाळून माळ्यावर झोपवलेली असत. भात कापून, झोडून घरात आलं, की खळं रिकामं व्हायचं आणि मग संध्याकाळी तिथे सराव सुरू. तो पहिला सराव मला अजून नाकाने आठवतो. शेणाने सारवलेलं खळं, बाजूला रचलेला पेंढा, पलीकडे नुकत्याच उगवलेल्या वालाचा हिरवा ओला वास, आणि मधूनच बिडीचा. माणसं कामावरची तशीच आलेली असत. कुणाच्या अंगावर कंपनीचा शर्ट, कुणाच्या पायाला वाळलेला चिखल. आबा मधे उभे राहायचे, ट्रम्पेट काखेत धरून, आणि आधी तोंडानेच सगळं म्हणून दाखवायचे. कागद नव्हताच. कागदावर गाणं मावतं हेच त्यांना पटत नसे.

त्या वर्षी त्यांनी एक नवी चाल बांधली होती. लग्नाच्या सकाळी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो ना, तेव्हा वाजवायची. सिनेमातली उचललेली नाही, कुणाची ऐकलेली नाही, स्वतःची. नाव काही ठेवलं नव्हतं, सगळे 'नवी चाल' म्हणायचे, आणि तेच नाव बावीस वर्षं चाललं. महिनाभर ती रोज खळ्यावर वाजली. आणि ती जलद होती, हे मी आधीच सांगून ठेवते. चांगली जलद. मी आत भाकऱ्या थापत असायचे आणि माझे हात आपोआप तिच्या मागे धावायचे. पांडूकाका म्हणून होते, पोटावर धरून वाजवायचं सगळ्यात मोठं वाद्य त्यांच्याकडे. ते मधेच थांबून म्हणायचे, "मास्तर, जरा सबुरीनं घ्या की. जेवान वर येतंय."

"जेवून येतोस कशाला रं मंग?" आबा म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी नवी होते. घरात काय बोलावं, किती बोलावं याचा अंदाज नव्हता. पण त्या चालीला मी माझी मानलं होतं, कारण या घरात माझ्याइतकीच नवी अशी तीच एक होती.

आता सायलीबद्दल सांगते, म्हणजे त्या रविवारचं सगळं नीट कळेल. सायली ही आमची मुलगी, पनवेलला कॉलेजात आहे आणि तिथल्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवते. हा बँड वेगळा. चाळीस पोरंपोरी खुर्च्यांवर बसतात, प्रत्येकासमोर कागद, आणि समोर उभे राहून सर हात हलवतात. पहिल्यांदा ऐकायला गेलो तेव्हा आबांनी मला हळूच विचारलं होतं, "ह्यांना चालायचं कुटंच नाय?" नाही म्हटल्यावर त्यांना पोरांची जरा दया आली.

तर या सरांनी यंदा सगळ्यांना सांगितलं, की आपापल्या गावाकडची एखादी चाल आणा. कुणी काही आणलं, कुणी काही. सायलीने आजोबांची नवी चाल आणली. आबा ताना-नाना करून म्हणायचे, ही मोबाइलवर घ्यायची आणि रात्री हॉस्टेलवर बसून कागदावर उतरवायची. सरांना ती आवडली. वार्षिक कार्यक्रमात चाळीस वाद्यांवर वाजवायचं ठरलं. त्या रविवारच्या आदल्या दिवशी घरी आली ती हे सगळं घेऊनच. म्हणाली, "आई, सगळं लिहून झालंय. फक्त वरच्या तीन गोष्टी राहिल्यात. लय, पट्टी आणि भाव. मंगळवारी सर कागद छापायला देणार. एकदा छापलं की मग तीच खरी, कोणीही, कुठेही वाजवलं तरी."

एकदा छापलं की तीच खरी. मी हसून मान डोलावली आणि आत जाऊन उगाच डबे पुसत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

बावीस वर्षांपूर्वी काय झालं, तर हंगामातली पहिली सुपारी आली. आमच्याच गावातलं लग्न, मार्गशीर्षातलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाद्यं साफ करायचा घरात रिवाज. ते काम तोवर सासूबाई करायच्या. त्या वर्षी त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मला धन्य वाटलं. मी मूळची जरा अतीच नीटनेटकी. चिंच भिजवली, राख चाळून घेतली आणि मागच्या दारी बसून एकेक वाद्य असं घासलं, की पांडूकाका जाताजाता थांबून म्हणाले, "सूनबाय, डोळं दिपलं गं. उद्या नवरदेवाकडं कोन बघनार नाय, आमच्याकडंच बघतील."

ट्रम्पेटला, आणि पांडूकाकांच्या त्या मोठ्या वाद्यालाही, वर दाबायच्या तीन कळा असतात. कळ दाबली की खाली गेली पाहिजे आणि सोडली की टुणकन वर आली पाहिजे. सगळा सूर त्यावर. त्या कळांमधे वर्षातून एकदा तेल सोडायचं काम ह्यांचं. पण ह्यांची दुसरी पाळी होती. सायकल काढताकाढता मला सांगून गेले, "कळांत तेल तेवढं सोड गं, फळीवर बाटली हाय."

फळीवर शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली होती. मी झाकण उघडून वास घेतला. रॉकेलचा भपका. आणि माझ्या मनात आलं, अगंबाई, हे तर तोंडाला लावायचं वाद्य! माणसं यात फुंकणार, श्वास आत ओढणार, आणि त्यात हे असलं तेल? माहेरी आईने शिकवलेलं, तोंडाशी जाणाऱ्या भांड्याला खाण्याचंच तेल लावावं. घरात घाण्याचं खोबरेल होतं, ताजं, वासाचं. दुपारचं ऊन होतं, तेल पाण्यासारखं पातळ. प्रत्येक कळेत मी ते थेंब थेंब सोडलं, वरखाली करून बघितलं, कळा अशा सुळसुळत होत्या की बस. उरलेला थेंब मी स्वतःच्या केसांना पुसला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढंच काय ते.

कर्जत-खालापूरकडची मार्गशीर्षातली पहाट ज्याने अनुभवली नाही त्याला वाटेल, कोकणात कसली आलीय थंडी. पण घाटाखाली गारवा उतरून साचतो. बोरघाटाकडून वारा येतो तो हाडं शोधत येतो. वाद्यं रात्रभर ओटीवर दांडीला टांगलेली, आणि त्यांच्या पोटात माझं घाण्याचं खोबरेल.

सकाळी सात वाजता नवरदेव दारातून निघाला. मीही हळदीकुंकवाला गेलेल्या बायकांमधे उभी होते, नवी साडी नेसून, आमचा बँड बघायला. आबांनी हात वर केला. खाली आणला. आणि चाल सुरू झाली ती जणू कुणी तिला दोरीने मागे धरून ठेवलंय. कळ दाबली तर खाली जायला वेळ, सोडली तर वर यायला त्याहून वेळ. एक सूर संपून दुसरा यायचा तो आळोखेपिळोखे देत. पांडूकाकांचा चेहरा लाल. आमचे हे ड्रमवर दोनदा पुढे पळाले आणि मग बाकीचे येत नाहीत बघून थांबले. एका क्षणी आबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, मान किंचित हलवली, आणि नवरदेव, करवल्या, वऱ्हाड, सगळे त्या हळू लयीत चालायला लागले.

मला काय झालंय ते लगेच कळलं. कसं कळलं, तर माझ्या केसांवरून हात फिरवला तेव्हा तेही थिजलेले होते. त्यापुढे मी तिथे थांबलेच नाही. घरी आले, चुलीपुढे बसले आणि रडले. सासूबाईंना वाटलं धूर गेला डोळ्यांत.

दुपारी सगळे जेवायला आले तेव्हा पांडूकाकांनी ह्यांना विचारलं, "सुऱ्या, कळांत तेल घातलंस का लापशी?" हे म्हणाले, "गारठा हाय काका." विषय तिथे संपला. आबा भात कालवत होते, एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "ताक वाढ." दुसऱ्या दिवशी सगळी घराबाहेर असताना मी एकेक कळ काढून फडक्याने पुसली आणि मशीनचं तेल घातलं. वासाची पर्वा केली नाही. म्हटलं, सुटले.

पण सुटले नाही. पुढच्या लग्नात कळा झरझर चालत होत्या, ऊनही चांगलं आलेलं होतं, आणि तरी नवी चाल हळूच वाजली. त्यापुढच्या लग्नातही. मग कायमचीच. मी शाळेत लागल्यावर मला याचं कारण कळल्यासारखं वाटलं. पोरांना एखादी कविता पहिल्या दिवशी चुकीच्या चालीवर म्हणून दाखवली, की मग डोकं आपटा, ती तशीच राहते. पहिल्यांदा चारचौघांत जशी वाजली तशी बसली. आबांनी महिनाभर खपून बांधलेली जलद चाल माझ्या वाटीभर तेलाने कायमची मंदावली. त्यांची स्वतःची अशी ती एकच चाल.

लोकांना ती आवडायची, हे खरं. लोधिवलीकडून, कुंभिवलीकडून सुपाऱ्या यायला लागल्या त्या या चालीसाठी. नवरदेवाच्या घरचे मुद्दाम सांगायचे, 'मास्तर, ती सावकाशीची वाजवा.' प्रत्येक वेळी सावकाशीची हा शब्द ऐकला की मला चिमटा बसायचा. एकदा सायली लहान असताना मी तिच्या केसांना तेल लावत होते आणि आबा सहज म्हणाले, "खोबऱ्याचं त्याल थिजतं बग थंडीत," तर माझ्या हातून वाटी पडली. इतकी वर्षं मी हिवाळ्यात खोबरेलाची बाटली त्यांच्या नजरेसमोर ठेवत नव्हते. वेडेपणाच, पण होता.

मग डीजे आले. बँडच्या सुपाऱ्या कमी होत गेल्या. पांडूकाका गेले, दोघं मुलांकडे राहायला गेले, आबांचे दात पडले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की संपलंच. मला वाटायचं, आबा खंतावतील. तसं काही झालं नाही. त्यांनी वाद्यं पुसून दांडीला टांगली ती टांगली, आणि सकाळी उन्हात बसून वाल सोलायला लागले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वाजवून झालं की गं. किती वाजवनार मानूस?" हा त्यांचा स्वभाव मला मिळाला असता, तर माझी निम्मी झोप वाचली असती.

तर तो रविवार. सकाळचे साडेआठ. पडवीत ऊन आलेलं. आबा खुर्चीत, पाय उन्हात. सायली कट्ट्यावर कागद मांडून. आणि त्यांच्या मधे, बरोब्बर मधे, माझी थिजलेली बाटली, कारण नुकतीच सकाळी मी तिला बेसावधपणे तिथे नेऊन ठेवली होती. आबांना त्यांचा चहा सायलीने आधीच नेऊन दिला होता; बाकीचा ट्रेमधे घेऊन मी आले आणि ती बाटली बघून दारातच थबकले.

"आबा, पट्टी कुठली?" सायलीने विचारलं.

"काळी दोन."

"ती मलाही कळली. सरांना प्रश्न पडलाय, काळी दोनच का? बँडसाठी एकदम योग्य पट्टी आहे म्हणतात."

"त्ये भोंग्याला इच्यार," आबा म्हणाले.

खोपोलीच्या एका गिरणीचा भोंगा पूर्वी आमच्या गावापर्यंत ऐकू यायचा. सकाळी सातला, म्हणजे नेमका नवरदेव निघायच्या वेळेला. कुठलंही गाणं वाजत असो, मधेच हा भोंगा चढायचा आणि सगळ्या सुरांवर बसायचा. लोक हसायचे. आबांनी मग काय केलं, तर भोंगा वर चढून जिथे थांबतो तो सूर ट्रम्पेटवर शोधला, तो पंचम धरला आणि सगळी चाल त्याच्याभोवती बांधली. आता भोंगा केव्हाही होवो, तो आपल्यातलाच एक वाटायचा. आबा म्हणाले, "दहावा मानूस व्हता तो आमचा. फुकट वाजवायचा." गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली, भोंगा गेला, पट्टी राहिली.

सायलीने ते भराभर लिहून घेतलं. "भाव?"

आबांनी चहा बशीत ओतला. "त्ये शेवटी सांगतो."

"बरं, मग लय. मी ही अशी धरलीय." तिने पेन्सिलीने कट्ट्यावर ठोके दिले. सावकाशीची. तेवढीच, ओळखीची. "बरोबर आहे ना? लिहू?"

आबा 'लिव' म्हणणार होते. तोंड उघडलं होतं त्यांनी. आणि मला दिसलं, की आता हे कागदावर गेलं की गेलं. चाळीस पोरं, मग आणखी कुठली चाळीस पोरं, ज्यांना आमचं गाव माहीत नाही आणि खळं माहीत नाही, ती आबांची म्हणून माझी चूक वाजवत राहणार.

"थांब," मी म्हटलं. "ती लय आबांची नाही."

दोघांनी वर बघितलं. मग मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चिंच, राख, मशीनच्या तेलाचा वास, घाण्याचं खोबरेल, सगळं. चहाचा ट्रे हातातच होता. शेवटी म्हटलं, "आबा, तुमची चाल जलद होती. मला अजून आठवते. तीच लिहायला सांगा हिला. माझ्यामुळे बिघडली ती, मला माफ करा."

आबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "मला ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"त्याल. अगं, पयल्याच फुंकीला खोबऱ्याचा वास आला. तोंडातली वाफ लागली नि आतलं त्याल इतळाया लागलं. मला वाटलं, ट्रम्पेटात कुनी करंज्या तळल्या." ते इतके हसले की खोकला आला. सायलीने पाणी दिलं. मी अजून ट्रे धरूनच.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कवा?" पाणी पिऊन ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, सायलीकडे न बघता मलाच सांगायला लागले. "तू पळालीस घरला, तुला पुडचं ठावं नाय. त्या नवऱ्याची आजी व्हती. कमरेत वाकल्याली. आमी वाजवत देवळाशी पोचलो नि ती माज्याम्होरं हुबी. मला म्हनली, मास्तर, घरात सात लग्नं झाली, बँड नेहमी देवळात, मी अर्ध्या वाटंवर. आज पयल्यांदा पोराच्या संगतीनं पोचली. माझा हात धरला तिनं. बोलली, ही चाल मोडू नका." आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मी म्हातारीला शबूद दिला. मंग जलद कशी करू?"

ट्रे कट्ट्यावर ठेवून मी खाली बसले. बावीस वर्षं. मी चुलीपुढे धुराचं निमित्त करून रडत होते तेव्हा देवळासमोर हे चाललं होतं, आणि फक्त शंभर पावलं पुढे गेले असते तरी मला दिसलं असतं. 

"आनि तुला सांगू का," आबा म्हणाले, "तू दुसऱ्या दिशी मशिनीचं त्याल घातलंस, त्यानं खरा घोळ केला. कळा पळायला लागल्या. तुज्या नवऱ्याला नि पांडूला आवरता आवरता माजा जीव जायचा. येका हातानं वाजवायचं नि येका हातानं त्यांना मागं वडायचं. धा वर्सं वडत व्हतो."

म्हणजे जी दुरुस्ती मी गुपचूप केली, तीच काय ती चूक. मला हसावं की रडावं कळेना, आणि मग दोन्ही झालं.

सायलीने मोबाइलवर काहीतरी मोजून आबांना दाखवलं. मिनिटाला इतके ठोके. "हा आकडा लिहू का लयीसाठी?"

"आकडा नको. आकड्याला गुडघे असत्यात व्हय?" आबा म्हणाले. "लिव, आजी पोचेल इतकी."

तिने तसं लिहिलं. शुद्ध, वळणदार अक्षरात, कागदाच्या डाव्या कोपऱ्यात. सर काय म्हणतील याची तिला जरा काळजी वाटली, पण पुसलं नाही.

"आणि भाव?"

आबांनी समोर बघितलं. समोर बघण्यासारखं रोजचंच होतं. वालाचं शेत, त्यापलीकडे हायवेवरचे टेंपो, घाटावर विरत चाललेलं धुकं. "सुपारीच्या सकाळी," ते म्हणाले, "समदी उठल्याली हायत. चा झालाय. कापडं घालून झाली. निघायचं हाय, पन अजून कुनाला घाई नाय. तसा."

"म्हणजे समाधान?" सायलीने विचारलं.

"तू शिकल्याली हायस. तू नाव दे."

ती काय शब्द देते ते बघायला मी थांबले नाही, चहा गार झाला होता म्हणून आत गेले. परत आले तेव्हा बाटलीतलं तेल वितळलं होतं. आबांनी ते घेऊन गुडघ्यांना चोळायला सुरुवात केली होती, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात ती बाटली बिनधास्त बघितली. मन इतकं हलकं झालं होतं, की मी शाळेच्या वह्या सोडून त्यांच्याबरोबर वाल सोलत बसले.

काल पनवेलला कार्यक्रम झाला. आम्ही तिघं गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आबांनी बँडच्या वेळचा कोट, जरीची किनार विरलेला. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. चाळीस पोरंपोरी, काळे कपडे, पितळ लखलखत होतं. चिंचेने घासलेलं नसावं, पण चांगलं होतं. सरांनी हात वर केला आणि आमच्या खळ्यावरची चाल सुरू झाली. मी डोळे मिटले. पहिल्या सुरांना पेंढ्याचा वास होता, शपथ घेऊन सांगते. ती आजी दिसली, जिला मी कधी बघितलेलंच नव्हतं. सगळं तसंच, तितकंच सावकाश, आणि मधे एका जागी मोठ्या वाद्याने लांब पंचम धरला तेव्हा ह्यांनी माझ्या कानात "भोंगा" म्हटलं.

पण तरणी पोरं ती. लोकांनी मधेच टाळ्या दिल्या, पोरांना उत्साह चढला, आणि मला कळण्याइतका, नुसता कळण्याइतका, वेग वाढायला लागला. सर हाताने मागे ओढत होते. मी आबांकडे बघितलं. ते मांडीवर बोटाने ठोका देत होते, आपला जुनाच, जराही न बदललेला.

मग ते माझ्याकडे झुकले. "सूनबाय, पोरं पळत्यात गं," ते म्हणाले. "बाटली आनलीस का?"